विमानाला नक्की किती तास लागतात, हे घरबसल्या कसं काढायचं

आमच्या घरात कोणीही परदेशी निघालं की पहिला फोन मला येतो, कारण एकदा कधीतरी मी हौसेने सगळ्यांना शाळेच्या ग्लोबवर दोरा लावून अंतर काढून दाखवलं होतं आणि तेव्हापासून मी घरचं विमानखातं होऊन बसलोय. मागच्या थंडीत काकांचा फोन आला, "अरे हे मुंबईहून पहाटे साडेपाचला निघतंय आणि लंडनला सकाळी दहाला पोचतंय, म्हणजे साडेचार तासच की, मग लोक उगाच दमलो दमलो काय करतात!" काकांना म्हटलं काका, तेवढ्या वेळात तुम्ही शिवनेरीने पुण्याहून मुंबई एअरपोर्टला पोचाल फक्त. तर हे सगळं एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवली की झालं.

आधी अंतर. आणि अंतराच्याही आधी, नक्की कुठल्या एअरपोर्टपासून कुठल्या एअरपोर्टपर्यंत ते बघा, कारण आता "मुंबई" किंवा "गोवा" एवढं म्हणून भागत नाही. प्रत्येक एअरपोर्टला तीन अक्षरी कोड असतो, तो तिकिटावर असतोच. मुंबईचं सहार म्हणजे बीओएम, नवी मुंबई म्हणजे एनएमआय, पुणे पीएनक्यू, नागपूर एनएजी. गोव्याचं दाबोळी जीओआय आणि मोपा जीओएक्स, शेवटच्या एका अक्षराचा फरक, आणि त्या एका अक्षरापायी माणसं भलत्याच टोकाला उतरलेली मी बघितलीयेत. मुंबईहून मोपा हवेतून साधारण ३८५ किलोमीटर आणि दाबोळी ४२५, म्हणजे मोपा जवळ. पण तिकिटावर दोन्हीकडे वेळ जवळपास तेवढीच दिसते, सव्वा तासाच्या आसपास, का ते पुढे येईलच. आणि तुम्हाला काणकोणला जायचंय तर मोपाला उतरून सगळा गोवा उभा पार करायचाय, तिथे हवेतले वाचलेले चाळीस किलोमीटर रस्त्यावर व्याजासकट फेडावे लागतात. उलट बांदा, सावंतवाडीवाल्यांना मोपा म्हणजे अंगणच.

आता अंतर काढायच्या पद्धती. सगळ्यात सोपी म्हणजे कॉम्प्युटरवर गूगल मॅप्स उघडायचा, एका एअरपोर्टच्या धावपट्टीवर राइट क्लिक करून अंतर मोजायचा ऑप्शन घ्यायचा आणि दुसऱ्या एअरपोर्टवर क्लिक करायचं, संपलं. लांबचं अंतर मोजलं तर तिथे रेघ वाकडी दिसते, घाबरू नका, तीच बरोबर आहे, तेही सांगतो. दुसरी सोय म्हणजे ग्रेट सर्कल मॅपर नावाची साइट, तिथे दोन कोड मधे डॅश देऊन टाकले की नकाशासकट अंतर येतं.

पण मला स्वतः काढायला आवडतं आणि भारतातल्या भारतात ते खरंच पाच मिनिटांचं काम आहे. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश रेखांश घ्या. पुणे म्हणजे लोहगाव, १८.५८ उत्तर आणि ७३.९२ पूर्व. दिल्ली २८.५७ उत्तर आणि ७७.१० पूर्व. अक्षांशातला फरक ९.९९ अंश, एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, गुणलं की ११०९ किलोमीटर, एवढं आपण उत्तरेला सरकलो. रेखांशातला फरक ३.१८ अंश, तो पण १११ ने गुणला तर ३५३ येतात, पण इथे थांबायचं. रेखांशाच्या रेषा वर ध्रुवाकडे जाताना एकमेकींच्या जवळ येतात, संत्र्याच्या फोडींसारख्या, त्यामुळे रेखांशाचा एक अंश मुंबईत १०५ किलोमीटर भरतो आणि लंडनला जेमतेम ६९. म्हणून त्या ३५३ ला दोन्ही अक्षांशांच्या सरासरीच्या कोसाइनने गुणायचं. सरासरी २३.६, त्याचा कोसाइन ०.९१६, आले ३२३ किलोमीटर. मग दहावीतला पायथागोरस, ११०९ चा वर्ग अधिक ३२३ चा वर्ग आणि त्याचं वर्गमूळ, उत्तर ११५५ किलोमीटर. खरं अंतरही एवढंच आहे, दोन-चार किलोमीटर इकडेतिकडे.

इथे एक खड्डा आहे ज्यात मी स्वतः पडलोय. मोबाईलचा कॅल्क्युलेटर आडवा केला की कोसाइनचं बटण येतं, पण तो डिग्रीत, म्हणजे आपल्या नेहमीच्या अंशांत आहे, की रेडियन नावाच्या कोन मोजायच्या दुसऱ्या मापात, ते बघायचं. रेडियनमध्ये असेल तर २३.६ चा कोसाइन ०.०३८ येतो, ३२३ च्या जागी १३ किलोमीटर होतात, आणि गंमत म्हणजे शेवटचं उत्तर ११०९ येतं, जे दिसायला अगदी ठीकठाक दिसतं आणि चूक कळतच नाही. तेव्हा आधी ६० चा कोसाइन काढून बघा, अर्धा आला की पुढे जा.

ही पद्धत हजार-दीड हजार किलोमीटरपर्यंत मस्त चालते. त्याच्या पुढे पृथ्वी गोल असल्याचा हिशोब आडवा येतो आणि मग ग्लोब आणि दोरा झिंदाबाद. मुंबईवर दोऱ्याचं एक टोक धरा, न्यूयॉर्कवर दुसरं, आणि दोरा ताणा. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर रस्ता अरबस्तान, आफ्रिकेचा वरचा भाग आणि अटलांटिक असा जाताना दिसतो, पण ताणलेला दोरा अफगाणिस्तान, कझाकस्तानवरून वर चढतो, रशिया, स्कॅन्डिनेव्हिया करत आइसलंडच्या जवळून जातो आणि कॅनडावरून खाली उतरतो. वरच्या टोकाला तो साधारण ६५ अंश उत्तरेपर्यंत जातो. हाच सगळ्यात जवळचा मार्ग, याला ग्रेट सर्कल म्हणतात, आणि तो भरतो साधारण १२,५३० किलोमीटर. दोऱ्याची लांबी ग्लोबच्या विषुववृत्ताशी ताडून बघा, पूर्ण विषुववृत्त म्हणजे ४०,०७५ किलोमीटर, त्रैराशिक मांडा की झालं. माझ्या भाचीने हे केलं तेव्हा तिला साडेबारा हजार आलं, शाळेच्या जुन्या ग्लोबवर एवढं म्हणजे भारीच.

बाय द वे पायलट आणि विमानातले काही स्क्रीन नॉटिकल मैलात बोलतात, एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. आपल्या नेहमीच्या मैलाशी याचा गोंधळ करू नका, तो १.६०९ आहे.

आता खरी गोम. हे जे अंतर निघालं ते दोऱ्याचं अंतर आहे, विमान नेमकं तेवढं कधीच उडत नाही. हवेतही ठरलेले रस्ते असतात, निघताना वारा ज्या बाजूने असेल त्या बाजूला तोंड करून उडायचं आणि मग वळायचं, उतरताना रांगेत लागायचं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवरून एकाच वेळी विमानं सोडता येत नाहीत, आणि संध्याकाळी तुम्ही खिडकीतून तोच खाडीचा तुकडा तिसऱ्यांदा बघत असाल तर समजा की आपण घिरट्या घालतोय. म्हणून मोपा चाळीस किलोमीटर जवळ असूनही तिकिटावर वेळ तेवढीच, कारण चाळीस किलोमीटर म्हणजे विमानाला तीन मिनिटं आणि तीन मिनिटं तर विमान धावपट्टीपर्यंत रांगत जाताना कुठेही जातात.

आणि मग देशांची भांडणं. २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानने आपलं आकाश बंद ठेवलं होतं, आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा भारतीय कंपन्यांसाठी बंद केलं. अशा वेळी दिल्लीहून युरोपला जाणारं भारतीय विमान आधी खाली गुजरातकडे येतं, अरबी समुद्रावरून फिरून मग पश्चिमेला लागतं. मुंबईवाल्यांना तुलनेने कमी फटका कारण आपण आधीच खाली आहोत. २०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपियन कंपन्यांना बंद झालं तेव्हा फिनएअरची हेलसिंकी ते टोकियो फ्लाइट साडेनऊ तासांवरून तेरा तासांच्या आसपास गेली, एअरपोर्ट तेच, ग्लोबवरचा दोरा तोच! तेव्हा कोणी पाच वर्षांपूर्वीच्या अनुभवावरून "आम्हाला तर आठ तास लागले होते" म्हणालं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या.

याच्या उलट माझं सगळ्यात आवडतं उदाहरण, दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को. एअर इंडिया आधी अटलांटिकच्या बाजूने जायची, साधारण १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी पूर्वेकडून, पॅसिफिकवरून जायला सुरुवात केली, ते अंतर १५,३०० किलोमीटर, म्हणजे १,४०० किलोमीटर जास्त. आणि विमान पोचलं साडेचौदा तासांत, आधीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर. कारण पूर्वेला जाताना वारा पाठीवर होता. लांबचा रस्ता आणि कमी वेळ, हे एकदा डोक्यात बसलं की मग अंतरावरून वेळ काढताना माणूस जरा जपून बोलतो.

तर वारा. उंचावर, दहा-बारा किलोमीटरवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार प्रवाह असतात, जेट स्ट्रीम, हिवाळ्यात तर उत्तर भारताच्या डोक्यावरच असतात. समजा विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० आहे. पाठीवर सरासरी ५० चा वारा असेल तर जमिनीच्या हिशोबाने ९५०, समोरून असेल तर ८५०. मुंबई लंडन साधारण ७,२०० किलोमीटर, ९५० ने भागा, ७ तास ३५ मिनिटं, ८५० ने भागा, ८ तास २८ मिनिटं. म्हणजे पाऊण तासाच्या वर फरक नुसत्या वाऱ्याने. म्हणून लंडनला जाताना जास्त लागतात आणि येताना कमी, आणि अमेरिकेला तर हा फरक एक-दीड तासांवर जातो. भारतातही पश्चिमेकडून पूर्वेला जाणाऱ्या लांबच्या फ्लाइटला आणि तिच्याच परतीला वेळापत्रकात दहा-वीस मिनिटांचा फरक दिसेल, मुद्दाम बघा कधीतरी.

आता माझा घरगुती फॉर्म्युला, जो मी सगळ्यांना देतो. देशांतर्गत किंवा तीन हजार किलोमीटरपर्यंत, नेहमीचं एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ असेल तर किलोमीटरला ८०० ने भागायचं आणि त्यात पाऊण तास मिळवायचा. पुणे दिल्ली ११५५ भागिले ८०० म्हणजे १ तास २७ मिनिटं, अधिक ४५, झाले २ तास १२ मिनिटं, तिकिटावर साधारण सव्वादोन दिसतील. पुणे नागपूर हवेतून ६०५ किलोमीटर, ४५ मिनिटं अधिक ४५, दीड तास. मुंबई दुबई १,९३० किलोमीटर, २ तास २५ अधिक ४५, ३ तास १० मिनिटं. बघा पटतंय का. लांबच्या मोठ्या विमानांना ८०० च्या जागी ८५० ने भागा, पाऊण तास तोच, आणि पश्चिमेला जाणार असाल तर वरून अर्धा-पाऊण तास अजून टाका. लंडनला ९ तास १३ येतात, जाताना दहाच्या आसपास धरा आणि येताना नऊ. तिकीट काढताना विमान कुठलं ते पण एकदा बघत जा, कारण छोट्या एअरपोर्टवरून बऱ्याचदा पंख्याचं एटीआर असतं, ते ताशी ५०० च्या आसपासच जातं. कोल्हापूर हैदराबाद ४४५ किलोमीटर, त्याला ४५० ने भागा आणि २५ मिनिटं मिळवा, सव्वा-दीड तास झाला. जेटने हेच वरच्या हिशोबाने सव्वा तासात झालं असतं, पण एटीआर खालून जातं आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबरात खिडकीतून जे दिसतं त्यासाठी मी ती जास्तीची दहा मिनिटं आनंदाने देईन.

हा पाऊण तास कुठून आला? तिकिटावरची वेळ म्हणजे विमान उडतं ती वेळ नव्हे. विमानाच्या चाकाखालचे ठोकळे काढून ते जागेवरून हललं तिथपासून ते दुसरीकडे जागेवर लागून पुन्हा ठोकळे लावेपर्यंतचा सगळा वेळ म्हणजे ब्लॉक टाइम, आणि तिकिटावर तोच छापतात. यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, रांगेत थांबणं, चढताना आणि उतरताना कमी वेग, सगळं आलं. वर कंपन्या थोडी मोकळी जागा पण ठेवतात म्हणजे उशीर दिसायला नको, त्यामुळे "आम्ही वेळेआधी वीस मिनिटं पोचलोय" अशी घोषणा झाली की टाळ्या वाजवायची गरज नाही, ती वीस मिनिटं आधीच हिशोबात धरलेली होती. खरं काय लागतं ते बघायचं तर फ्लाइटरडार किंवा फ्लाइटअवेअरवर फ्लाइट नंबर टाका, मागच्या काही दिवसांत ती कधी उडाली, कधी उतरली सगळं मिळतं. मी कोणाला आणायला जायच्या आधी हेच बघतो. फ्लाइट रोजच पाऊण तास उशिरा सुटत असेल तर मी निवांत चहा घेऊन निघतो.

आता काकांचा साडेचार तासांचा प्रश्न. तिकिटावर निघायची वेळ तिथली स्थानिक आणि पोचायची वेळ तिकडची स्थानिक असते, सरळ वजाबाकी करायची नाही. साधी युक्ती, दोन्ही वेळा भारतीय वेळेत करून घ्या आणि मग वजा करा. हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे असतं, म्हणजे तिथले सकाळचे दहा म्हणजे आपले दुपारचे साडेतीन. पहाटे साडेपाच ते दुपारी साडेतीन, दहा तास. काका गप्प झाले, मग म्हणाले "म्हणजे दोनदा जेवण देतील ना रे?"

उन्हाळ्यात मात्र तिकडची माणसं घड्याळ तासाने पुढे करतात, मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत, तेव्हा लंडन साडेचार तासच मागे. अमेरिकेत हे मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होतं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संपतं, म्हणून न्यूयॉर्क हिवाळ्यात साडेदहा तास मागे आणि उन्हाळ्यात साडेनऊ. मार्चमध्ये मधले दोन-तीन आठवडे असे येतात की अमेरिकेचं घड्याळ सरकलेलं असतं आणि लंडनचं नाही, आणि तुमचं तिकीट व्हाया लंडन असेल तर डोकं धरायची वेळ येते. त्यावरही इलाज तोच, सगळं भारतीय वेळेत लिहून काढा. दुबईवाल्यांचं बरंय, बारा महिने दीड तास मागे, विषय संपला.

येताना मात्र तारीख खाते. हिवाळ्यात लंडनहून शुक्रवारी सकाळी ९.४५ ला निघालं, नऊ तास लागले, तिथले संध्याकाळचे ६.४५, आपल्याकडे मध्यरात्रीचे १२.१५, म्हणजे शनिवार लागला. तिकिटावर अधिक एक असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. आमच्या एका चुलतभावाने "शनिवारी रात्री सव्वाबारा" वाचलं आणि शनिवारचं जेवण करून रात्री दहाला मुंबईला निघाला. ज्यांना आणायचं होतं ते बिचारे आदल्या रात्रीच उतरून, टॅक्सी करून, घरी येऊन झोपले पण होते. तेव्हा मध्यरात्रीची फ्लाइट असली की "शुक्रवारची रात्र उलटून शनिवार" असं तोंडाने म्हणायचं, नुसती तारीख सांगायची नाही.

मधे विमान बदलायचं असेल तर हिशोब अजून वेगळा. सगळे तास मिळवायचे, मधला थांबा धरून. परदेशातून दिल्लीमार्गे पुण्याला येताय तर दिल्लीलाच इमिग्रेशन, बॅगा घेणं, कस्टम आणि बॅगा पुन्हा देणं हे सगळं होतं, दीड-दोन तासांचं अंतर असलेलं कनेक्शन ज्येष्ठ माणसांना घेऊ नका, तीन-साडेतीन तास ठेवा. अमेरिकेतही तसंच, जिथे पहिल्यांदा उतराल तिथे बॅगा घ्यायच्या. आणि दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर ती एकाच एअरपोर्टची आहेत ना ते बघा. मुंबईत तर टर्मिनल एक आणि दोनमध्येही रस्त्याने जावं लागतं, आणि नवी मुंबईला उतरून सहारहून पुढचं विमान पकडायचं म्हणजे मधे वाशीचा पूल आणि चेंबूर आलं. रात्री दोनला तासाभरात जमेल, संध्याकाळी सातला मी पैज लावणार नाही.

आणायला जाणाऱ्यांसाठी शेवटचं, विमान टेकलं म्हणजे माणूस बाहेर आला असं नाही. देशांतर्गत असेल तर पाऊण तास धरा, परदेशातून असेल तर सव्वा ते दीड, व्हीलचेअर सांगितली असेल तर कधी उलट लवकर येतात कारण त्यांची रांग वेगळी असते. काका लंडनहून तसेच आले, गुडघे ठणठणीत असताना व्हीलचेअरवर बसून, सगळ्यांच्या आधी बाहेर, आणि मी आपला पार्किंगमध्ये त्यांना अजून चाळीस मिनिटं लागणार असा हिशोब करत वडापाव खात बसलो होतो.